तुम्ही विचारलंत म्हणून: काठी केवढी?

एखादी वस्तू जशी आहे तशी ती नसूही शकली असती. तरी ती तशी आहे हे न पाहता, न मोजता कळू शकतं का? "तुमचं नेमकं मत काय?" प्रबंध झाल्यापासून हे इतक्यांदा विचारलं गेलंय, की एकदाच लिहून टाकते.

होय, मी अमेरिकन तत्त्वज्ञ सॉल क्रिप्के यांच्या बाजूने होते: ते म्हणतात, कळू शकतं. 1970 च्या व्याख्यानांतला त्यांचा मीटरचा दांडा मला निर्णायक वाटायचा. या दांड्याची अमुक क्षणीची लांबी म्हणजे एक मीटर, असं जो ठरवतो त्याला दांडा मोजावा लागत नाही. तरीही त्या क्षणी तो तापवलेला असता तर लांब भरला असता. विधान आपातिक, म्हणजे खरं नसूही शकलं असतं असं; ज्ञान अनुभवपूर्व, म्हणजे न पाहता मिळालेलं. व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, मी हेच ठामपणे सांगितलं.

परीक्षकांनी हात टेबलाखाली नेला. "माझ्या हातात काठी आहे. तिची आत्ताची लांबी म्हणजे एक 'क'. काठी केवढी?"

"एक क."

"हे तुम्हाला कळलं?"

"हो, सर."

"हिच्यासाठी पेटी करायची आहे. सुताराला काय सांगाल?"

मला काही सुचेना. खोलीत कोणीच बोलत नव्हतं. मग त्यांनी हात वर काढला. रिकामा होता.

ते प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं. राग आला होता, आजही येतो, कारण क्रिप्केंचा माणूस दांड्यासमोर उभा असतो, मी नव्हते. पण समोर उभं राहून पाहायचं असेल, तर अनुभव आलाच की! आणि न पाहता नाव ठेवावं, तर वस्तू आहे कशावरून? युरेनसच्या बिघडलेल्या चालीवरून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी गणिताने सांगितलेला नेपच्यून 1846 मध्ये सापडला. बुधाच्या चालीतल्या फरकासाठी त्यांनी 1859 मध्ये तसाच ग्रह मांडला. त्याला व्हल्कन हे नावही मिळालं, ग्रह मात्र नव्हताच. बुधाच्या चालीचा उलगडा 1915 मध्ये आइनस्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताने केला.

'नेपच्यून, असलाच तर, युरेनसची चाल बिघडवणारा ग्रह आहे': 'असलाच तर' एवढं जोडलं की विधान सुरक्षित होतं, असं तेव्हाची मी म्हणेल. होतं खरं. पण मग ते नेपच्यूनबद्दल राहतं, की मी ठरवलेल्या शब्दाबद्दल? यावर तिच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही.

तरी एक वाक्य मला सोडवत नाही: 'मी आत्ता इथे आहे.' त्या दिवशी मी त्या खोलीत नसूही शकले असते. पण हे वाक्य तिथे मनात म्हणताना खरं आहे का, हे मला बघावं लागलं नसतं. हे माझ्याबद्दलचं ज्ञान आहे, असं मी अजून म्हणते. सुताराचा प्रश्न इथेही विचारता येतो, हे माहीत असून म्हणते.