भोसरीच्या साच्यापासून विनिपेगच्या ट्रेलरपर्यंत : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीतल्या एका फायबरच्या वर्कशॉपमध्ये मी हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा पहिले चार महिने मला रेझिनच्या डब्याला हातही लावू दिला नव्हता. काम एकच. साच्याला वॅक्स लावायचं, सुकू द्यायचं, सुती फडक्यानं घासायचं आणि पुन्हा लावायचं. नवा साचा असला की असे सहा-सात हात. आमचे मेस्त्री साच्यावर वाकून बघायचे आणि म्हणायचे, "तोंड दिसत नाही अजून. परत मार." दुपारपर्यंत खांदे भरून यायचे.

तेव्हा त्यामागचं कारण कळत नव्हतं, हळूहळू कळलं. फायबरची वस्तू बाहेरून आत बनते. साच्यावर आधी जेलकोटचा, म्हणजे रंगीत रेझिनचा, फवारा, तो थोडा घट्ट झाला की मग ग्लास मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) आणि रेझिनचे (वाळून कडक होणाऱ्या राळेचे) थर, वर रोलर. म्हणजे वस्तूचा जो चेहरा जगाला दिसतो तो साच्याला चिकटलेला असतो. वस्तू साच्यातून सुटते तेव्हा तिच्या अंगावरची चमक साच्याची असते. साच्यावर एक ओरखडा राहिला की तो प्रत्येक नगावर उमटणार. वॅक्सबद्दलचा माझा आदर तिथला आहे, आणि आज कॅनडात आम्ही फायबरचे ट्रेलर धुऊन, घासून वॅक्स लावायचा जो व्यवसाय करतो त्याचं मूळही त्याच साच्याजवळ आहे.

2009 साली आम्ही दोघं नवरा-बायको मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगला आलो. मला बसचे फायबरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं, हिला एका शाळेच्या कार्यालयात. पहिल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत, एल्मच्या झाडाखाली, एक अंड्यासारखा गोल ट्रेलर उभा दिसला. गाडीच्या मागे जोडून न्यायचं छोटं घर : झोपायला जागा, ओटा, दोन शेगड्या. मी थांबून बघत राहिलो, कारण तो फायबरचा होता आणि ज्यानं बनवला त्याला फायबर कळत होतं. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन भाग, मध्ये जोड. करंजीची कड असते तशी ती रेघ सगळ्या अंगाभोवती फिरलेली. हिनं दारावर तळहात फिरवला आणि मला दाखवला. हात पांढरा. "अहो, पीठ आहे हे," ती म्हणाली. मालक बाहेर आले, त्यांच्याशी बोललो, आणि तो ट्रेलर कोणता हे तेव्हा समजलं.

तो बोलर होता, आणि त्याचा जन्म याच गावातला. 1968 साली विनिपेगच्या रे ओलेको यांनी तो बनवला. फायबरच्या सेप्टिक टाक्यांचं काम त्यांना ठाऊक होतं. टाकी हलकी, न गळणारी आणि न कुजणारी होते, मग राहायची खोली का होणार नाही, असा त्यांचा विचार. 13 फुटांचा, लहान मोटारीलाही ओढता येईल इतका हलका. बोलर हॅट या गोल माथ्याच्या टोपीसारखा दिसतो म्हणून नाव बोलर. पुढे हाच घाट मिनेसोटातल्या बॅकस गावी स्कॅम्प या नावानं बनू लागला आणि तो आजही बनतो. लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकलेले त्या काळातले बहुतेक ट्रेलर सांध्यातून पाणी शिरून आतून कुजले. हे फायबरचे मात्र पन्नास वर्षांनंतरही रस्त्यावर आहेत. त्यांना लागतं काय, तर वर्षातून दोनदा कुणीतरी नीट धुऊन वॅक्स लावणारं माणूस.

ते माणूस आपण व्हायचं, असं 2014 साली ठरवलं. आधी शनिवार-रविवार, पुढे पूर्ण वेळ. भांडवल म्हणजे एक जुनी व्हॅन, एक रोटरी पॉलिशर, एक लहान जनरेटर, पाण्याची टाकी आणि हिनं घरी शिवलेल्या फडक्यांचा गठ्ठा. दर फुटावर. ट्रेलर जितका लांब तितके पैसे, हे गिऱ्हाइकालाही सोपं जातं.

पहिल्या वर्षी लोकांना समजावण्यातच अर्धा वेळ गेला. हाताला लागणारी पांढरी पूड ही धूळ नाही, तो मेलेला जेलकोट आहे. जेलकोट म्हणजे रंग मिसळलेलं पॉलिएस्टर रेझिन. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा वरचा थर तुटतो, सुटा होतो, त्याला बारीक छिद्रं पडतात. त्या छिद्रांत खिडकीच्या रबरावरून ओघळलेलं काळं पाणी मुरतं. वरून साबण कितीही लावा, ते काळे ओघळ जात नाहीत. अशा अंगावर नुसतं वॅक्स लावलं तर पंधरा दिवस बरं दिसतं आणि नंतर डाग पडल्यासारखं होतं. मेलेला थर आधी काढावा लागतो आणि मग वॅक्स.

पण तो काढायचा किती? आमच्या सगळ्या धंद्याचं मर्म या एका प्रश्नात आहे, आणि त्याचं उत्तर आम्हाला महागात पडून मिळालं.

जेलकोट असतो साधारण अर्धा मिलिमीटर. गाडीच्या रंगाहून कितीतरी जाड, म्हणून माणूस बिनधास्त होतो. दुसऱ्या हंगामात आमच्याकडे सत्तरच्या दशकातला एक क्रीम रंगाचा ट्रेलर आला. मालकीणबाईंच्या वडिलांनी तो नवा घेतलेला. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्यांनी त्याच्यात काढलेल्या, वडील नुकतेच गेलेले. मी लोकरी पॅड लावून, जाड कंपाउंड (घासून थर उतरवायची पेस्ट) घेऊन पुढच्या बाजूनं सुरुवात केली. सपाट भाग सुरेख आला. पुढच्या कोपऱ्यावर, जिथे अंग वळतं तिथे, मशीन दोन सेकंद जास्त टेकली. पॅड उचललं तर नखाएवढा हिरवट पिवळा ठिपका. खालचं मॅट दिसत होतं. साच्याच्या वळणावर जेलकोट मुळातच पातळ बसतो, हे भोसरीत शिकलेला माणूस मी, आणि त्या दिवशी विसरलो.

मी त्या बाईंना लगेच फोन करून बोलावून घेतलं आणि ठिपका दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पैसे घेतले नाहीत हे ओघानं आलं. नवा जेलकोट चढवायचा तर आधी अंगावरचं जुनं वॅक्स आणि सिलिकॉन पूर्ण उतरवावं लागतं, नाहीतर त्याच्यावर माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. आणि रंग? उन्हानं चाळीसेक वर्षं भाजलेल्या क्रीम रंगाला जुळणारा क्रीम रंग डब्यात मिळत नाही. पांढऱ्यात पिवळा, चिमटीभर तपकिरी, नखभर काळा. दोन वेळा फसलं, तिसऱ्यांदा जुळला. नंतर 600 पासून 2000 नंबरपर्यंत वॉटर पेपर, पाणी मारत मारत, हातानं. तीन संध्याकाळी गेल्या. आज तो कोपरा कुठला हे मला माहीत आहे म्हणून दिसतो.

त्यानंतर कामाची पद्धत बदलली ती कायमची. कडा, वळणं, खिडकीच्या भोवतालचा उंचवटा आणि रिव्हेटांच्या आसपासचा भाग यांना आमच्याकडे मशीन लागत नाही, तिथे हातच. लोकरी पॅड क्वचित निघतं. जाडी मोजायला आम्ही अल्ट्रासॉनिक मापक घेतलं. गाड्यांच्या गॅरेजमध्ये असतं ते मापक पत्र्यावर चालतं, फायबरवर त्याचा उपयोग नाही. ते विकत घेतलं तेव्हा ही म्हणाली होती, "एवढ्या पैशांत दुसरी व्हॅन आली असती." आता जाडी लिहून ठेवायची वही तीच सांभाळते. प्रत्येक ट्रेलरचं पान वेगळं, त्यावर आठ जागांचे आकडे. गिऱ्हाईक म्हणालं, अजून चमकवा, तर ती वही उघडून दाखवते. आणखी घासलं तर पुढच्या वेळी घासायला काय उरेल, हे आकड्यांवरून कुणालाही पटतं.

कामाला लागलो की आधी टपापासून खालपर्यंत धुणं. विनिपेगमध्ये एल्मची मोठमोठी झाडं रस्त्यावर कमान धरतात, बघायला फार सुंदर, पण उन्हाळ्यात त्यांच्या पानांवरच्या किडीचा चिकट गोड रस खाली टपकत राहतो आणि त्यावर काजळी धरते. तो कोमट पाण्यानं भिजवूनच काढायचा, नखानं नाही. मग रबरांवर, दिव्यांवर, जुन्या पट्ट्यांवर निळी टेप, कारण कंपाउंड रबरात शिरून वाळलं की पांढरं दिसतं आणि महिनोन्महिने निघत नाही. मग एक फूट चौकोनात नमुना. सगळ्यात सौम्य पॉलिशनं सुरुवात. त्यानं भागलं नाही तरच पुढचं.

नमुना झाला की त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं फिरवतो. यावर माझा फार जोर असतो. पॉलिशमध्ये तेल असतं, ते रेघांमध्ये भरतं आणि सगळं झकास दिसतं. तेल पुसलं की खरं रूप कळतं. गिऱ्हाइकाला आम्ही तेल पुसलेला चौकोनच दाखवतो. काही जण तिथेच निराश होतात, पण मग पुढे तक्रार येत नाही.

वॅक्स सावलीत, गार अंगावर. हात लावून बघायचा, गरम लागला तर थांबायचं, दुसरी बाजू घ्यायची. थर पातळ. डब्यातून जास्त घेतलं म्हणून जास्त टिकतं असं अजिबात नाही, उलट पुसताना दमछाक आणि कडांना पांढरे राप. मे महिन्यात आम्ही कार्नोबाचं वॅक्स लावतो. ब्राझीलच्या ईशान्य भागात होणाऱ्या एका ताडाच्या पानांवरून ते मिळतं, वनस्पतिजन्य मेणांमध्ये सगळ्यात कठीण. त्याची चमक उबदार असते, जुन्या क्रीम रंगावर ती शोभते. सप्टेंबरअखेर, थंडी पडायच्या आत, सिंथेटिक सीलंट. त्याचं रूप थोडं काचेसारखं, पण ते जास्त टिकतं. इथे पारा उणे तीसपर्यंत उतरतो, ट्रेलर हिवाळाभर अंगणात बर्फाखाली. लोकांना वाटतं वॅक्स हे वसंतातलं काम. मला विचाराल तर वर्षातून एकदाच परवडत असेल तर शरदात लावा.

आमचं ज्याच्याशी सतत भांडण आहे अशी एक गोष्ट सांगतो. फरशीला लावायचं अॅक्रिलिक पॉलिश ट्रेलरला लावायची इथे पद्धत पडली आहे. फडक्यानं चार-पाच हात मारले की तासाभरात आरशासारखं. स्वस्त, घासणं नाही. दोन-तीन उन्हाळे गेले की ते पिवळं पडतं आणि कांद्याच्या सालीसारखं सुटायला लागतं, तेही सगळीकडे सारखं नाही. मग अमोनियाच्या द्रावणानं, ब्रशनं, वीतभर वीतभर उतरवावं लागतं. तो दिवसभराचा खर्च पुन्हा गिऱ्हाइकाच्याच माथी. सुरुवातीला लोक म्हणायचे, तेच लावून द्या. आम्ही नाही म्हणालो आणि पहिल्या दोन वर्षांत बरंच काम दुसरीकडे गेलं. घरी हप्ते होते, मुलगी लहान होती, त्यामुळे ते नाही म्हणणं सोपं नव्हतं. त्यातले काही जण पुढे सोलवटलेले ट्रेलर घेऊन परत आले आणि आजही येतात.

2018 साली बोलरला पन्नास वर्षं झाली, त्या उन्हाळ्यात विनिपेगला मोठा मेळावा भरला. ठिकठिकाणांहून शेकडो ट्रेलर. निळे, पिवळे, गुलाबी, कुणाच्या खिडकीला आजीनं विणलेले पडदे. आम्ही दोघं दोन दिवस नुसते हिंडत होतो. लोक आपलं घर दाखवावं तसं आत बोलवायचे. त्या मेळाव्यातून आम्हाला पुढच्या दोन हंगामांचं काम मिळालं. पण मला आठवतं ते वेगळंच. एका ओळीत उभे असलेले पंधरा-वीस ट्रेलर मी डोळे बारीक करून बघत होतो, आणि कोणता नव्या साच्यातून निघालाय, कोणता थकलेल्या साच्यातून, हे अंगावरच्या लाटांवरून कळत होतं. मेस्त्री बरोबर असते तर त्यांनी प्रत्येकाची हजेरी घेतली असती.

2020 नंतर काम एकदम वाढलं. विमानं बंद, हॉटेलं बंद, जो तो जुना ट्रेलर शोधू लागला. कोठारांत वीस वीस वर्षं पडलेले नग बाहेर आले. तेव्हा एक मोठं, गरम राहणारं शेड भाड्यानं घेतलं, त्यामुळे हिवाळ्यातही दुरुस्ती चालते. आता आमच्याकडे तीन माणसं आहेत. त्यातला एक नाशिकचा मुलगा इथे शिकायला आलेला, उन्हाळ्यात कामाला येतो. त्याला पहिला आठवडा मशीन दिली नाही. फडकं, वॅक्स आणि एक जुना दरवाजा दिला.

कोपऱ्याला ठिपका पडलेला तो क्रीम ट्रेलर त्या बाई दर मे महिन्यात आमच्याकडे आणतात, व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीआधी. मग तो विनिपेग सरोवराकाठी गिमली गावाला जातो. यंदाही आला. धुतला, मापक लावलं, आठही आकडे गेल्या वर्षीचेच होते. कंपाउंडचा डबा उघडावा लागला नाही. कार्नोबाचा एक हात दिला, बाईंच्या नातवानं बादलीभर पाणी टपावर ओतलं, आणि थेंब टरारून गोल होत त्या दुरुस्त केलेल्या कोपऱ्यावरून घरंगळत खाली आले.