मंडईतलं आर्यन

मंडईत गाडी लावायची म्हटलं की आपण आर्यन पार्किंग म्हणतो, पण हे आर्यन कोण ते नव्या पोरांना माहीतच नाही. अहो, तिथं थेटर होतं! गंगाधरपंत पाठकांनी 1915 मध्ये सुरू केलेलं, पुण्यातलं पहिलं कायमचं सिनेमागृह, त्याआधी सिनेमा म्हणजे तंबूतलाच प्रकार.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते 1920 सालचं. बाबूराव पेंटरांचा सैरंध्री इथंच लागला, कोल्हापुरात स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर शूट केलेला मूकपट, त्यातला कीचकवध इतका खरा वाटायचा की लोक घाबरायचे आणि पुढे तो सीन कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी हा सिनेमा बघितला आणि पेंटरांना 'सिनेमा केसरी' पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळक गेले.

1983 मध्ये आर्यन बंद झालं, मग पाडलं. पार्किंग हवंच, मंडईतली गर्दी मला माहितीये, पण एक पाटी तरी लावायला हवी होती राव. परवा आईला तुळशीबागेत नेलं तेव्हा गाडी तिथंच लावली, आणि वर जाताना सारखं वाटत होतं की पडदा नक्की कुठल्या बाजूला असेल.