साध्या बुटांना धरणारं पॅडल

पावसाळ्यात बोपदेव घाट चढताना ओल्या पॅडलवरून बूट सटकतो आणि पॅडलचे दात थेट नडगीला लागतात. पुण्यात सायकल चालवणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीत असेल. यावर क्लीटचे बूट मिळतात: तळाला बसवलेला कडक तुकडा, म्हणजे क्लीट, खास पॅडलमध्ये खटकन अडकतो. स्कीला बूट जखडून ठेवणाऱ्या पकडीवरून (बाइंडिंगवरून) बेतलेलं तसलं पॅडल लूक कंपनीने १९८४ मध्ये आणलं आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनोने ते वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. पण मी त्याच सायकलवर ऑफिसलाही जातो, आणि तिथे दिवसभर क्लीट वाजवत फिरणं मला नको होतं. साध्या बुटांवर चालेल असं काहीतरी घरीच करायचं ठरवलं.

अट एकच ठेवली: भिंतीला हात टेकून, जागेवर उभ्या सायकलवर पाय न बघता झटक्यात सुटला पाहिजे. तोपर्यंत रस्त्यावर जायचं नाही.

आधी जुन्या ट्यूबच्या रिंगा कापून पॅडलवर चढवल्या. रबर ताणलं जातं, त्यामुळे पाय धरल्यासारखा वाटतो पण धरलेला नसतो. शिवाय बाहेर काढताना बुटाला चिकटतं. मग बोहरी आळीतून चुंबक आणले आणि बुटाच्या तळाला पत्रा लावला. सरळ वर ओढलं की पकड झकास, बाजूने जरा रेटा आला की पाय घसरलाच. दोन्ही बाद.

जमलं ते तिरक्या पट्टीने. पट्टीचं एक टोक पॅडलच्या पुढच्या, बाहेरच्या कोपऱ्याला आणि दुसरं मागच्या, क्रँककडच्या म्हणजे आतल्या कोपऱ्याला. टाच बाहेर ठेवून पाय आत सरकवायचा आणि टाच सरळ केली की पट्टी बुटावर आवळते. टाच पुन्हा बाहेर वळवली की सैल. क्लीटचे पॅडलही टाच वळवूनच सुटतात, त्यामुळे ही सवय पुढेही वाया जात नाही.

सुती नवार पाणी पिते आणि लवकर वाळत नाही, म्हणून जुन्या सॅकचा नायलॉनचा पट्टा घेतला. कोपऱ्यावरच्या बूट शिवणाऱ्या काकांना तो दाखवला. त्यांनी पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला आणि म्हणाले, "नुसती आडवी शिलाई उसवंल. चौकोन मारून मधी फुली घालतो." मेणाच्या दोऱ्याने त्यांनी घातलेली ती फुली अजून जशीच्या तशी आहे. भोकं पाडायला पॅडल काढावे लागले. १५ नंबरचा पाना लागतो आणि डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवा, नाहीतर जोर लावून आणखी घट्ट कराल.

फायदा काय? पाय वर खेचून वेग वाढतो म्हणतात, मला तसा काही फरक जाणवला नाही. मात्र खड्ड्यांतून जाताना पाय जागचा हलत नाही, आणि चवडा नेमका पॅडलच्या दांड्यावर राहिल्याने चढावर पोटऱ्या कमी भरून येतात. माझ्यासाठी हे भरपूर आहे.

एक त्रास उरलाय. पट्टीच्या वजनाने पॅडल उलटं लटकतं. निघताना बुटाच्या टोकाने ते फिरवून घ्यावं लागतं, आणि सिग्नलला मागचे हॉर्न वाजवत असताना ते पटकन जमत नाही. म्हणून गर्दीत मी एकच पाय अडकवतो, दुसरा पाय चौक ओलांडल्यावर.