तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या मशीनवर झीटेक् कंपाइल कसं करता?

"एवढ्याशा रास्पबेरी पायवर झीटेक् कंपाइल होतं तरी कसं? आमचं तर मध्येच मरतं." टेक् म्हणजे पुस्तकाची पानं लावणारा प्रोग्रॅम, झीटेक् ही त्याची युनिकोड समजणारी आवृत्ती, आणि कंपाइल करणं म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणं. टेक् वापरून मराठी पुस्तकं लावणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी हे विचारतंच. सोबत स्क्रीनशॉट असतो आणि त्यात सीसी१प्लस (जीसीसी या कंपायलरचा सी++ भाग) 'किल्ड' झाल्याची ओळ.

ही ओळ दिसली की कोडमध्ये खोट शोधत बसू नका. रॅम संपली की लिनक्सचं कर्नल (गाभा) बहुधा सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेसचा गळा धरतं, आणि त्या वेळी ती सी++ कंपायलरच असते. 'डीमेसेज' (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवून बघा, 'आउट ऑफ मेमरी' असं स्वच्छ लिहिलेलं सापडेल.

मग मेकची (कंपाइलची कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) कमांड बघायची. 'जे' पर्याय दिलेला असतो आणि पुढे आकडाच नसतो! म्हणजे मेकला मोकळं रान, जमतील तेवढी कामं एकदम सुरू. टेक् लाइव्हच्या (टेक्, झीटेक् वगैरेंच्या एकत्र संचाच्या) बिल्ड स्क्रिप्टला 'टीएल_मेक_फ्लॅग्ज'मधून एकच काम एका वेळी करायला सांगा. बऱ्याच जणांची गाडी तिथेच मार्गी लागते.

गंमत अशी की खुद्द टेक् या बाबतीत फार समजूतदार आहे. टेक्चे कर्ते डोनाल्ड क्नूथ यांनी ते पास्कल भाषेवर बेतलेल्या 'वेब'मध्ये (इंटरनेटशी संबंध नाही) लिहिलं. आज त्याचं आधी सी भाषेत रूपांतर केलं जातं आणि मग 'स्प्लिटअप' नावाचा छोटा प्रोग्रॅम त्या लांबलचक फाइलचे तुकडे पाडतो. एक तुकडा 'टेक्‌इनी', ज्यात फक्त फॉरमॅट (टेक्ने आधीच पचवून ठेवलेल्या मॅक्रोंची फाइल) तयार करतानाच लागणारं कोड. जुन्या कंपायलरांना अख्खी फाइल पेलत नसे, म्हणून ही सोय. प्रोग्रॅममधल्या स्ट्रिंगाही मूळ रचनेत वेगळ्या 'पूल' फाइलमध्ये काढलेल्या. आणि तरी डॉसवर पंचाईत व्हायचीच: मूळ कोडातला 'मेम' ॲरे (टेक्ची कामाची मेमरी) ३०,००० मेमरी-शब्दांचा, प्रत्येकी ४ बाइट धरले तर १,२०,००० बाइट. ८०८६ प्रोसेसरचा सेगमेंट (मेमरीचा एक कप्पा) जेमतेम ६४ केबीचा. बसणार कुठे?

झीटेक्‌मध्ये खरा भार हार्फबझ (अक्षरं जोडून बसवणारी लायब्ररी) आणि आयसीयूचा (युनिकोडची लायब्ररी). हार्फबझ म्हणजे हेडरमध्ये ठासून भरलेले सी++ टेंप्लेट (कंपायलरने कोड घडवायचे साचे). छोटी दिसणारी फाइल कंपायलरच्या पोटात भलतीच फुगते. आणि नेमकं तेच आपल्याला हवं, कारण युनिकोड मजकुरातल्या 'दुसऱ्या'मधला अर्धा र नीट बसवतं ते हार्फबझ. (व्हेल्टहाउस यांचा १९९१चा देवनाग प्रीप्रोसेसर चुटकीसरशी कंपाइल होतो, पण त्यात मजकूर रोमन अक्षरांत टंकायचा. ते आता कोण करणार?)

अडलेल्या फाइलीपुरतं ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणं) 'ओ२'वरून 'ओ१'वर आणा आणि डीबगची माहिती बंद करा. जीसीसीचे 'जीजीसी-मिन-एक्स्पांड' आणि 'जीजीसी-मिन-हीपसाइझ' दोन्ही शून्यावर ठेवले की तो संधी मिळेल तेव्हा मेमरीची झाडलोट करतो, पण फार रेंगाळतो. स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) वाढवून काम भागतं खरं. एसडी कार्डावर मात्र ते बघत बसणं शिक्षाच.

मी स्वतः यातलं फारसं करत नाही. डिस्ट्रोकडून (लिनक्सच्या वितरणाकडून) हार्फबझ आणि आयसीयूची आधीच कंपाइल केलेली डेव्ह पॅकेजं घेतो आणि कॉन्फिगरला 'विथ-सिस्टिम-हार्फबझ', 'विथ-सिस्टिम-आयसीयू' सांगतो. आवृत्ती पुरेशी नवी असली की झालं. लुआजिटटेक् (टेक्ची आणखी एक आवृत्ती) लागत नसेल तर तेही तिथेच 'डिसेबल' करून टाका.