खालच्याच खाचरातलं भात तांबडं का पडलं?

खानापूर तालुक्यात जांभ्याच्या (लोह असलेल्या तांबड्या दगडाच्या) उताराखालचं शिवार. लावणीला तीन आठवडे झालेले आणि सगळ्यात खालचं खाचर तांबूस. "करपाच की ओ साहेब हा," मालक म्हणाले. करपा हा बुरशीचा रोग, म्हणून बुरशीनाशक मारून झालं होतं, फरक काही नव्हता. वरच्या खाचरांत तेच बियाणं हिरवंगार.

करप्याचा ठिपका डोळ्याच्या आकाराचा, मध्ये राखाडी असतो. इथे जुन्या पानांच्या शेंड्याकडून बारीक तपकिरी ठिपके खाली उतरत होते. जस्त कमी असलं तरी डाग पडतात, पण तेव्हा कोवळ्या पानाची शीर बुडाशी पांढरट होते. तशी ती नव्हती. बांधालगत पाण्यावर इंद्रधनुषी तवंग होता. काडीने ढोसला, तर त्याचे काचेसारखे तुकडे झाले. तेलाचा असता तर पुन्हा जुळला असता; हा लोहाचा. रोप उपटलं, मुळांवर गंजाचा लेप, काही मुळं काळी आणि कुजका वास मारणारी.

पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू संपतो, लोह विरघळतं आणि मुळावाटे पानात चढतं. उताराचा पाझर त्यात भर घालतो, म्हणून मार खालच्या खाचराला. भाताचं धडधाकट मूळ स्वतःभोवती प्राणवायू सोडून लोहाला बाहेरच गंजवतं. पालाश (पोटॅश खतातून मिळणारं अन्नद्रव्य) कमी पडलं की मुळाची ही ताकद जाते. या शेतात युरिया दोनदा पडलेला, पोटॅश कधीच नाही. भाताने उचललेलं बहुतेक पालाश पेंढ्यात असतं आणि पेंढा दरवर्षी गोठ्यात जातो. माझ्या मते खरं दुखणं हेच.

पाणी सोडून बारीक भेगा पडू द्यायच्या होत्या, पण पाऊस उघडेना. म्हणून आधी उताराच्या बाजूने दीड फूट खोल चर मारून पाझर तोडला. उघडीप मिळताच खाचर वाळवलं, एकरी 25 किलो म्युरेट ऑफ पोटॅश दिलं (म्हणजे 15 किलो पालाश) आणि युरिया थांबवला. डागाळलेली पानं परत हिरवी होत नाहीत, नवं पान बघायचं. ते स्वच्छ आलं.

मातीचा सामू (pH) 5 च्या आसपास, म्हणजे आम्ल निघाला. भातामागून इथे वाटाणा करतात. पाणी ओसरलं की लोह आवरतं, पण 5.5 च्या खाली ॲल्युमिनियम मोकळं होऊन मुळांची टोकं आखूड, जाड करतं. त्यावर चुना: मात्रा माती तपासणीच्या अहवालाप्रमाणे, पेरणीआधी दोन-तीन आठवडे मातीत मिसळून. युरियासोबत नको, अमोनिया उडून नत्र वाया जातं.