तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षा कडक केली की गुन्हे थांबतील ना?

गुन्हेशास्त्र शिकवतो असं कळलं की मराठवाड्यात कुठेही, लग्नाच्या पंगतीत असो की एसटीत, पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “सर, दोन-चार जणांना भर चौकात फाशी द्या, बघा गुन्हे थांबतात की नाही. तुम्हा लोकांना हे पटत का नाही?” मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य येतं, “तुम्हाला गुन्हेगाराचाच कळवळा.” हे वाक्य मला लागतं. ज्याच्या विहिरीवरची मोटार गेली, जिच्या लेकीवर कुणी हात टाकला, त्यांच्या उपयोगी पडत नसेल तर या शास्त्राला काही अर्थ नाही असं मी मानतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. सुरुवात मात्र डीपीच्या, म्हणजे शिवारातल्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या, चोरीपासून करणार आहे. खुना-बलात्काराचा विषय टाळायचा म्हणून नव्हे. खुनाच्या संतापात जे दिसत नाही ते चोरीत स्वच्छ दिसतं.

रब्बीचे दिवस. गहू पेरून वीस-एकवीस दिवस झालेले, मुकुटमुळं फुटायची वेळ, म्हणजे चुकवून चालणार नाही असं पाणी. शेतीची थ्री फेज पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. ज्या रात्री पाळी नसते त्या रात्री शिवारात माणूस नसतो आणि मोटारी बंद असल्यानं आवाजही नसतो. सकाळी खांबाखाली ऑइल सांडलेलं, रिकामी टाकी आडवी पडलेली आणि आतली तांब्याची कॉइल गेलेली. पण हे सकाळी कुणाला कळतच नाही. पाळी सुरू झाल्यावर शेतकरी स्टार्टरचं हिरवं बटण दाबतो, मोटार उठत नाही, त्याला वाटतं डिओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, उडाला असेल. वायरमनला फोन जातो, वायरमन दुसऱ्या गावात असतो. चोरी झाली हे समजायलाच अर्धा दिवस जातो. मग फिर्याद, पंचनामा आणि नवी डीपी मिळेपर्यंतची वाट. भंगारात त्या तांब्याचे जे पैसे आले त्याच्या कितीतरी पट नुकसान त्या डीपीवरच्या सगळ्या रानांचं झालेलं असतं.

या चोरीला शिक्षा आहे. वीज कायदा, २००३ च्या कलम १३६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद, दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ती वीस वर्षं करू. त्या रात्री खांबाखाली उभा असलेल्या माणसाच्या हिशोबात काय बदललं? तो मोजतोय ते असं: आज लाइन कधी येणार, जवळच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटात, कुणी झोपलंय का, कुत्रं आहे का, माल घेणारा भंगारवाला पावती मागतो का. वीस वर्षांचा आकडा या हिशोबात शिरतच नाही, कारण आपण सापडणार हेच त्याला वाटत नाही.

हे मी आज शोधून काढलेलं नाही. इटलीच्या बेकारिया या विचारवंतानं १७६४ मध्येच लिहिलं की शिक्षेचा धाक तिच्या क्रूरपणातून येत नाही, ती चुकणार नाही या खात्रीतून येतो, आणि ती लवकर व्हावी लागते. अमेरिकेतले गुन्हेशास्त्रज्ञ डॅनियल नेगिन यांनी २०१३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्याचाही सूर हाच: पकडलं जाण्याची शक्यता वाढली की गुन्हा कमी होतो, कैदेची वर्षं वाढवून फारसं हाती लागत नाही. तुम्ही म्हणाल, दोन्ही करू, खात्रीही वाढवू आणि शिक्षाही. इथेच खरी अडचण आहे. शिक्षा फार कडक केली की खात्री कमी होते.

इंग्लंडचंच बघा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथे दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती. घरातून ४० शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीचा माल चोरला तर मृत्युदंड. मग ज्यूरीतली, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारी साधी नागरिक माणसं काय करायची? कितीही महाग माल असो, त्याची किंमत ३९ शिलिंग ठरवायची. आरोपी सुटला नाही तरी फास टळायचा. शेवटी १८३० मध्ये तिथल्या बँकवाल्यांनीच अर्ज केला की बनावट नोटा-हुंड्यांच्या गुन्ह्याची फाशी रद्द करा, कारण फाशीच्या भीतीनं फिर्यादी, साक्षीदार आणि ज्यूरी मागे हटतात आणि आमचं संरक्षण होत नाही. कळवळा असलेली माणसं नव्हती ती, पैसे बुडत होते त्यांचे.

आता हेच बलात्काराला लावा. आपल्याकडे एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाच्या, आकडेवारीत वर्षानुवर्षं नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: चुलता, शेजारी, लग्नाचं वचन देणारा. तक्रार केली तर चुलत्याला फाशी होणार, हे माहीत असलेलं घर त्या पोरीला पोलीस ठाण्याची पायरी चढू देईल का? आणि खुनाला जी शिक्षा तीच बलात्काराला असेल, तर एकमेव साक्षीदार जिवंत ठेवण्याचं कारण गुन्हेगाराला उरतं का? निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीनं २०१३ मध्ये बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही, ते काही पीडितेचं दुःख समितीला कळलं नाही म्हणून नव्हे.

दुसरा प्रश्न असतो, “पण मुळात माणूस गुन्हा करतोच का?” विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एक शब्द हवा असतो. गरिबी म्हणावं, संस्कार म्हणावं, रक्त म्हणावं. ‘रक्त’वाल्यांचं आधी सांगतो, कारण ते अजून पारावर जिवंत आहे. लोंब्रोझो नावाच्या इटालियन डॉक्टरनं १८७६ मध्ये जबडा, कपाळ आणि कान मोजून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असं मांडलं. पुढे चार्ल्स गोरिंग यांनी इंग्लंडमध्ये हजारो कैद्यांची मोजमापं इतर लोकांशी ताडून पाहिली, १९१३ मध्ये निष्कर्ष छापला आणि तो सिद्धांत तिथेच संपला.

गरिबीचं उत्तर मला जवळचं वाटतं, तरी पुरत नाही. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पाण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावावं लागलं. गरिबीनंच माणूस गुन्हेगार होत असता तर त्या वर्षी मराठवाडा लुटालुटीनं पेटायला हवा होता. झालं काय? आधीच्या एका वर्षात, २०१५ मध्ये, या आठ जिल्ह्यांत हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी स्वतःचा जीव घेतला. ज्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं त्यांनी दुसऱ्याच्या घरात हात घातला नाही, दोर स्वतःच्या गळ्यात घातला. गरिबाकडे संशयानं बघणाऱ्या प्रत्येकानं याचं उत्तर द्यावं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनी १९३८ मध्ये सांगितलं ते जास्त पटतं: समाज सगळ्यांपुढे एकच स्वप्न टांगतो आणि तिथे जायचा सरळ रस्ता थोड्यांनाच देतो, तेव्हा काही जण आडवाट शोधतात. बुलेट, बंगला, मुलीच्या लग्नातला बडेजाव. पण त्याच ओढीत सगळेच असतात आणि बहुतेक जण गप कष्टच करतात. म्हणून मर्टनही अर्धंच उत्तर.

उरलेलं थोडं उत्तर साइक्स आणि मात्झा या अमेरिकन अभ्यासकांकडे मिळतं. १९५७ चा निबंध. गुन्हा करणाऱ्यालाही ते चूक आहे हे माहीत असतं, म्हणून तो आधी स्वतःला समजावतो, आणि समजावण्याचे प्रकार पाचच. आपल्या बोलीत ऐका: “पिलेला होतो, काय कळलंच नाही.” “डीपी सरकारची हाय, कुणा गरिबाची थोडीच?” “तो सावकार काय धुतल्या तांदळाचा हाय?” “सायबापासून शिपायापर्यंत सगळेच खातेत.” “घरच्यांसाठी केलं.” ही वाक्यं चोराच्या तोंडी जशी असतात तशीच आकडा टाकणाऱ्याच्या, पीकविम्यात खोटं क्षेत्र दाखवणाऱ्याच्या आणि टेंडरमध्ये टक्का घेणाऱ्याच्याही तोंडी असतात. गुन्हेगार ही वेगळी जात आहे असं मानायला म्हणूनच मी तयार नाही.

कामाला मात्र सगळ्यात जास्त येतो तो कोहेन आणि फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांचा १९७९ चा विचार. त्यांच्यापुढे कोडं होतं: दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पैसा वाढला, शिक्षण वाढलं, तरी चोऱ्या का वाढल्या? कारण दिवसा घरं रिकामी राहू लागली आणि टीव्हीसारख्या वस्तू उचलून नेण्याइतक्या हलक्या झाल्या. त्यांनी सूत्र मांडलं: करू धजणारा माणूस, नेण्याजोगी वस्तू आणि राखणदार नसणं, ही तिन्ही एका जागी एका वेळी आली की गुन्हा होतो. यातलं एक काढा, गुन्हा होत नाही. दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या वाड्या-तांड्यांवर फिरून बघा. कोयता, म्हणजे ऊसतोडीचं जोडपं, कारखान्याला गेलं, दाराला कुलूप, ओट्यावर म्हातारी आणि दोन नातवंडं. तिथे कायदा कडक करून काय होणार? राखणदार म्हणजे दर वेळी पोलीस असं नाही. गावात कुठली घरं बंद आहेत याची यादी ग्रामपंचायतीत असणं, रात्रीच्या पाळीचं वेळापत्रक ठरलेलं असल्यानं शिवारात चार जण तरी जागे असणं, डीपी बसवताना कॉइल ॲल्युमिनियमची असणं, बोल्टवर वेल्डिंगचा टाका असणं, हे सगळं राखणदारीत येतं. आणि भंगाराचं दुकान. चोरीचा माल घेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३१७. जळकं, सोललेलं तांबं कुणी आणलं, ओळखपत्र काय, गाडी कुठली, एवढी वही ठेवायला लावली आणि ती खरोखर तपासली तर चोराचा हिशोब बिघडतो. घेणाराच नसेल तर खांबावर कोण चढेल?

काही वर्षांपूर्वी मी इथेच थांबत असे. कडकपणाचा नाद सोडा. खात्री आणि वेग धरा. ऐकणाऱ्यांना पटायचंही. आता तेवढंच म्हणणं मला जमत नाही, आणि त्याला कारण राईनपाडा.

धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली होती, बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवर मराठवाड्यासकट सगळीकडे फिरत होते. एका लहान मुलीशी त्यांच्यातलं कुणी बोललं एवढ्यावरून संशय आला. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि त्या खोलीत मरेपर्यंत मारलं. पाचही जणांना.

आता बेकारियाची फूटपट्टी लावा. वेग होता, काही मिनिटांचा. खात्री होती, एकही सुटला नाही. कडकपणा होता, तुम्ही मागता तोच. आणि गुन्हा घडलेलाच नव्हता. मुलं पळवणारी टोळीच नव्हती. या शिक्षेनं कुणाला धाक बसला? खऱ्या गुन्हेगाराला नाही. तो बसला तो भिक्षेवर जगणाऱ्या, पालं टाकून राहणाऱ्या प्रत्येकाला. वर्गात मी ‘खात्री’ म्हणायचो तेव्हा खरा माणूस सापडण्याची खात्री असं मला म्हणायचं असायचं. पण ‘खरा माणूस’ हे शब्द उच्चारावेच लागतात हे मला राईनपाड्यानं दाखवलं. हैदराबादला २०१९ मध्ये बलात्कार-खुनाच्या प्रकरणातल्या चार आरोपींना पोलिसांनी चकमकीत मारलं तेव्हाही लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, त्याची चौकशी करणाऱ्या न्या. सिरपूरकर आयोगानं २०२२ मध्ये म्हटलं की गोळ्या जीव घेण्याच्याच हेतूनं झाडल्या होत्या. ‘तसंच इथेही करा’ म्हणणाऱ्यांनी तो निष्कर्ष वाचावा.

आणि ही गोष्ट डीपीच्या चोरीपासून लांबची नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्यांना हजेरी लावली. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या. पण गावात चोरी झाली की पहिली गाडी आजही पारध्यांच्या पालावर जावी अशी गावाचीच अपेक्षा असते. मानवी हक्कांचं सोडा क्षणभर, तुमच्या मोटारीच्या दृष्टीनंच बघा. संशय कुठे जाणार हे ज्या गावात आधीच ठरलेलं आहे, तिथे गावातल्या खऱ्या चोराला यापेक्षा मोठं संरक्षण कुठलं? तपासाचे पहिले दोन दिवस पालावर जातात, तांबं तोवर वितळतं. पालावरचं पोरगं दोनदा उचललं गेलं की त्याला शाळेत आणि कामावर कुणी धरत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ मध्ये माणसावर बसणाऱ्या गुन्हेगाराच्या शिक्क्याबद्दल जे मांडलं ते हेच. नाव आधीच गेलेलं असलं की गमवायला काय उरतं?

तुम्ही म्हणाल, सापडलेल्यांत त्या वस्तीचेही असतात की. असतात. ते मी नाकारत नाही. पुरावा घेऊन त्यांना पकडा, खटला चालवा. पण बघायची जागा आधीच ठरवली की तिथलेच सापडणार, आणि जिथे बघितलंच नाही तिथले मोजलेही जाणार नाहीत.

एवढं सगळं सांगूनही एक माणूस माझ्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो, “धाकबिक राहू द्या. माझी मुलगी गेली. त्यानं जगू नये एवढंच मला वाटतं.” त्याला नेगिन सांगून उपयोग नाही. तो गुन्हे थांबवण्याचं बोलतच नाही, तो न्यायाचं बोलतोय, आणि त्या प्रश्नाला आकडे पुरत नाहीत. विधी आयोगानं २०१५ मध्ये दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारणं सोडून बाकी गुन्ह्यांची फाशी रद्द करावी असं सुचवलं, मला ते पटतं. त्याला पटणार नाही, आणि त्यानं पटवून घ्यावं असा आग्रह धरायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. बाकीच्यांना मात्र एक विनंती आहे. फाशी मागायची तर त्या बापासारखी मागा, न्याय म्हणून. ‘म्हणजे गुन्हे थांबतील’ हे तिला जोडू नका. आणि गुन्हे थांबवायचे असतील तर पुढच्या ग्रामसभेत भंगाराच्या दुकानाची वही कोण तपासतं ते विचारा.