लाल सिरम आणि स्वेटरचा वास

मी लॅब टेक्निशियन आहे, त्या रात्री नाईट होती. पावणेदोनला सिस्टर ट्यूब घेऊन आली, चार वर्षांचा मुलगा, डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट. सेंट्रिफ्यूज केलं तर वरचं सिरम लालभडक. वाटलं सुई टोचताना पेशी फुटल्या असतील, लहान मुलांचं होतं तसं, म्हणून परत काढायला मीच वॉर्डात गेले. दुसरी ट्यूबपण तशीच लाल आणि हिमोग्लोबिन ५.१, म्हणजे फारच कमी!

स्लाईड बघितली तर भाकरीचा कडेचा घास तोडावा तशा लाल पेशी. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले मलेरियाची गोळी वगैरे दिली होती का विचार. नव्हती. पण रक्त काढताना पोराच्या स्वेटरला कसला वास येत होता ते आत्ता डोक्यात आलं, डांबरगोळी! आज्जी म्हणाली, "परवा पेटीतनं स्वेटर काढला, गोळी पेपरमिंट समजून चोखत होता, मी लगेच काढून घेतली की गं."

जीसिक्सपीडी नावाचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. त्याचं एन्झाइम पेशीत एनएडीपीएच नावाचा रेणू बनवतं आणि त्याच्या जोरावर ग्लुटाथायोन हे पेशीतलं रक्षक रसायन पेशीला ऑक्सिडेशनपासून वाचवतं. लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, नाहीत, त्यामुळे तिला दुसरा मार्गच नाही. एन्झाइम कमी असेल तर एरवी मूल ठणठणीत असतं, पण डांबरगोळीतलं नॅप्थलीन किंवा मलेरियाचं प्रायमाक्वीन पोटात गेलं की हिमोग्लोबिनच्या गुठळ्या पेशीच्या भिंतीला चिकटतात आणि प्लीहा त्या तोडून काढते, तोच तो घास.

पोराला रक्त चढवलं, चौथ्या दिवशी लघवी स्वच्छ झाली. जीसिक्सपीडीचा रिपोर्ट मात्र नॉर्मल आला आणि सगळे खूश. मी अडूनच बसले, कारण म्हाताऱ्या पेशी आधीच फुटून गेलेल्या, उरल्या त्या ताज्या, त्यांच्यात एन्झाइम जास्तच असतं. तीन महिन्यांनी परत बोलावलं तेव्हा खरा आकडा आला, खूपच कमी.

डॉक्टरांनी काय काय टाळायचं ते लिहून दिलं, डॅप्सोन, नायट्रोफ्युरँटॉइन अशी औषधं, अगदी मेंदीसुद्धा. आज्जीने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचला. मग हळूच म्हणाली, "लेकीला परत दिवस गेलेत, हे आईकडनं येतं म्हणालात ना?" मी म्हणलं, मुलगा झाला तर निम्मी शक्यता, पण आधीच कळलं तर काही बिघडत नाही, आणि तिच्यासमोरच रजिस्टरमध्ये डिलिव्हरीची तारीख लिहून घेतली.